बिननावाची हाक

"या पोरीला वाचा हाय का न्हाय?"

धनगराची म्हातारी हे काकूला विचारत होती आणि मी दोघींच्या मधोमध उभी होते. अर्ध्या तासात मी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. तिने दिलेले ताक मात्र दोनदा मागून, म्हणजे लोटी पुढे करून, प्याले होते.

"आहे हो," काकू हसून म्हणाली. "इंग्रजी शाळेत शिकलीय. तिथंच बोलून बोलून संपली असेल."

"मंग हितं भरून घे म्हनावं. हितं लई मोकळं हाय."

म्हातारी खरे बोलत होती. बार्शी मागे टाकून, निजामी मुलखाची हद्द ओलांडून आम्ही बालाघाटाच्या एका उघड्या पठारावर येऊन पोहोचलो होतो. वर पांढरे आभाळ, खाली करपलेले पिवळे गवत, आणि त्यात काळ्या कातळाच्या पाठी पाण्यातल्या म्हशींसारख्या वर आलेल्या. झाडे म्हणाल तर सालई आणि धावडा, दोन्ही निष्पर्ण. मेंढरे होती, पण एकही ओरडत नव्हते. सगळी एकाच दिशेला पाठ करून, माना खाली घालून उभी होती. ज्या दिशेला त्यांची पाठ होती तिकडे पठार एकाएकी संपत होते.

नाका

या सहलीचे सारे खापर काकांच्या एका इंग्रजी मासिकावर फोडले पाहिजे. काका सोलापुरात गिरणीच्या विणकाम खात्यात आहेत. त्या मासिकात कोणी साहेब, त्याची मडम आणि त्यांचा कुत्रा डोंगरात मोटार नेऊन तंबूत राहिल्याची चित्रे होती. "सडक सोडून जायचं!" काका म्हणाले. "डाकबंगला नाही, खानसामा नाही. वैशाखात सोलापुरात भाजत बसण्यापेक्षा उंचावर भाजू." त्यांनी एका कंत्राटदाराकडून तंबू आणला, डबाबंद दूध आणि बिस्किटे आणली. काकूने मासिक न वाचता ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि कैरीचे लोणचे बांधून घेतले. साहेबाच्या चित्रात कुत्रा होता त्या जागी मला घेतले.

सडक सोडली त्याच्या आधी हद्दीवरचा नाका लागला. शिपायाने मोटारीभोवती एक फेरी मारली आणि कागद काढला. काकांनी आपले नाव सांगितले, माझे सांगितले. शिपायाने काकूकडे बोट केले.

"बाई का नाम?"

"मंडळी आहेत," काका म्हणाले.

"मंडळी नाम है क्या?"

"तसं नव्हे. कुटुंब."

शिपाई काकूकडे बघत राहिला. काकू रस्त्याकडे बघत राहिली. काका चष्मा पुसू लागले. बायकोचे नाव चारचौघांत, तेही नाक्यावर घ्यायचे म्हणजे भर चौकात सदरा काढण्यासारखेच. शेवटी शिपायालाच दया आली. "चलो, औरतां दो," म्हणत त्याने काहीतरी लिहिले आणि आडवा बांबू वर केला.

माझ्या शाळेतल्या गोऱ्या बाई नवऱ्याला भर मैदानातून नावाने हाक मारत, आणि तो टोपी सावरत धावत येई. आम्ही मुली तोंडावर हात ठेवून हसायचो. मला त्या हाकेचा हेवा वाटे. स्वतःचे नाव हजेरीत आले की "प्रेझेंट" एवढे म्हणायचेही माझ्या जिवावर येई. पुष्कळदा ते शेजारची मुलगीच म्हणून टाकत असे.

नाक्यापुढे गाडीवाट होती, मग मेंढरांची वाट, मग वाटच नव्हती. काकांना फार आनंद झाला. त्या आनंदात एका धोंड्यावर मोटारीचे पोट घासले आणि मागे काळ्या तेलाची रेघ उमटू लागली. कापडाचा बोळा आणि साबणाची वडी यांनी ते भोक बुजवून आम्ही कसेबसे पठारावर चढलो, तिथे ही म्हातारी भेटली. तिचे नाव बायजा. माणसे धडधाकट मेंढरे घेऊन पाण्याच्या शोधात खाली गेली होती. ती कोकरांवर आणि आजारी जनावरांवर लक्ष ठेवून एकटीच वाड्यावर राहिली होती. वाडा म्हणजे काट्यांचे कुंपण आणि एक पाल.

पठार

तंबू कुठे ठोकायचा यावरून पहिला वाद झाला. काकांनी पठाराच्या कडेची जागा निवडली, कारण मासिकातल्या साहेबाचा तंबू कड्यावर होता.

"तितं नगा, सायेब," बायजा म्हणाली.

"का? वारा लागेल?"

"वारा न्हाय लागत. तेच की."

ती आम्हांला कडेपर्यंत घेऊन गेली. खाली घळ होती. पठाराला कोणी विळ्याने चिरावे तशी अरुंद, आणि खाली गेल्यावर तिचे तीन फाटे झालेले. तळाला थोडी हिरवळ आणि खडकातले एक पाण्याचे टाके दिसत होते. उतरायच्या जागी दगडांचा एक ढीग होता, माझ्या कमरेएवढा. काही दगडांवर हिरव्या काचेच्या बांगड्या ठेवलेल्या होत्या. उन्हाने त्यांचा रंग उडाला होता.

"एकेक धोंडा ठिवा," बायजा म्हणाली. "बोलू नगा."

आम्ही धोंडे ठेवले. काकांनीही ठेवला, पण साहेबी थाटात, एका हाताने.

खरोखरच तिथे वारा नव्हता. मागे पठारावर गवत लवत होते. कडेवर काकूच्या पदराचे टोकसुद्धा हलत नव्हते. शेवटी तंबू बायजाच्या पालाजवळ ठोकला. स्टोव्हवर चहा झाला. काकू कपात चहा ओतत होती, काका बिस्किटांच्या डब्याशी झटत होते, मी चटईवर बसले होते. आणि घळीतून हाक आली.

"अहोऽऽ"

बाईचा आवाज. बारीक, लांबवलेला, शेवटी किंचित वर गेलेला. पडवीतून मागल्या दारी कोणी बोलवावे तसा. काकूच्या हातातली किटली तशीच राहिली आणि चहा कपातून बशीत, बशीतून चटईवर गेला.

"मोर," काका म्हणाले.

बायजा कोकराच्या तोंडात दुधाचा बोळा धरून बसली होती. तिने मान वर केली नाही. "ओ देऊ नगा म्हंजे झालं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने हुलग्याचे माडगे रांधले. आमच्या सोलापुरात हुलगे बैलाला घालतात. पण त्या खारट गरम माडग्याची चव मी अजून विसरलेले नाही. ते फुंकत फुंकत काकूने विचारले, "बायजाबाई, कोण आहे ती?"

"हाय एक. आमच्या आजीच्या टायमाला दुष्काळ पडला. सरकारनं खडी फोडायचं काम काडलं, ह्या डोंगराच्या पायतीला. हिचा दाल्ला त्या कामावर गेला आन् आलाच न्हाय. तवा ही हुडकत आली. कड्यावर उभी ऱ्हायली. खाली शंभर गडी, सगळे वाकून खडी फोडत्यात. हिनं हाक मारली, अहो! समद्यांना वाटलं, दुसऱ्याची बायको हाय. एकानंबी वर बगितलं न्हाय."

"नाव घ्यायचं होतं," काका म्हणाले.

"घ्यायचं कसं? दाल्ल्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुक्ष कमी व्हतंय." बायजाने काकांकडे असे पाहिले, की जणू तेच खालच्या शंभरांतले एक होते. "मंग ती खाली उतारली, ती वर आलीच न्हाय. तवापासनं मारती हाक. ज्यानं ओ दिली त्यो तिचा. म्हनून ओ द्यायची न्हाय, धोंडा द्यायचा."

"म्हणजे इथं हाक मारली तर उत्तरच द्यायचं नाही?" काकूने विचारले.

"नावानं मारली तर द्या की. पन आयनं ठिवल्याल्या नावानं, पाळन्यातल्या. सासरचं नाव तिनं कुटंबी ऐकल्यालं असतंय. पाळन्यातलं तिला ठावं नसतंय."

काका हसले. काकू हसली नाही.

झोपण्यापूर्वी तंबूत काकूने माझी वेणी सोडता सोडता एकदम सांगितले, "माझं पाळण्यातलं नाव यमुना. सगळे यमू म्हणायचे." काकूचे माहेर अक्कलकोटकडचे, घरात अर्धी कानडी. लग्नात सासऱ्यांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीने 'इंदिरा' लिहिले आणि तिला वाचायला लावले. "मला वाटलं, दुसरीच कोणी आहे. मग ते तांदूळ कोणीतरी गोळा करून नेले. शिजवलेसुद्धा असतील." तिने माझ्या केसांतून फणी फिरवली. "पण इंदिरा म्हणून तरी कोण हाक मारतं? सासूबाई 'अगं' म्हणायच्या, हेही 'अगं' म्हणतात. एखादं मूल असतं तर 'बाळूची आई' तरी झाले असते."

मी नेहमीप्रमाणे वाट पाहिली, आणि बोलायची वेळ नेहमीप्रमाणे निघून गेली.

घळ

सकाळी काका आणि मी पठाराच्या सोंडेवर चढायला निघालो. काकू म्हणाली, प्रवासाच्या धुळीने डोके चिकट झालेय, बायजाबाईंना विचारून टाक्यावर न्हाऊन येते. दिवसाउजेडी टाक्यावर जायला बायजाचीही हरकत नव्हती. तिने फक्त धोंडा ठेवायची आठवण केली.

सोंडेवरून काय दिसले ते सांगायला हवे, कारण तेवढ्यासाठीच आम्ही गेलो होतो. उत्तरेला डोंगरामागे डोंगर, सगळे माथ्यावर सपाट, कोणी एकाच सुरीने कापल्यासारखे. दक्षिणेला आपला मुलूख, धुरकट आणि आडवा. काका म्हणाले की दुर्बीण असती तर सोलापूरच्या गिरणीचे धुराडे दिसले असते. मला तसे वाटले नाही. परतताना काकांनी वाटेतली करवंदे रुमालात गोळा केली, "तिच्यासाठी." त्यांनी कधी तिच्यासाठी काही घेतलेले मी पाहिले नव्हते. मोकळ्या हवेचा हा परिणाम असेल असे मला वाटले.

परत आलो तेव्हा सावल्या पायांखाली आल्या होत्या. काकू तंबूत नव्हती.

"अजून न्हाय आली," बायजा म्हणाली. तिची नजर कडेकडे होती. "मी दोनदा जाऊन बगितलं. टाक्यावर तांब्या हाय, बाई न्हाय."

काकूने पाण्याची सुरई नेली नव्हती, चप्पलही तंबूतच होती. वैशाखातली ती दुपार. कातळावर पाय ठेवला तर बुटाच्या तळव्यातून चटका बसत होता. टाक्यापुढचे तिन्ही फाटे उघड्या दगडांचे, पाण्याचा थेंब नसलेले. माणूस तिथे दुपारभर पडले तर काय होईल हे कोणी बोलले नाही. काका रुमालातली करवंदे तशीच हातात घेऊन कडेकडे धावले.

"अगंऽ! ए, अगंऽ!"

घळीने ती हाक घेतली आणि तिन्ही फाट्यांतून परत केली. गं, गं, गं. शेवटची तर आमच्या पाठीमागून आल्यासारखी वाटली. मग काही नाही.

काका खाली उतरले. टाक्यावरचा तांब्या त्यांनी हातात घेतला, इकडे तिकडे पाहिले आणि डावीकडच्या फाट्यात शिरले. त्यांचा "अगं" लहान होत गेला. बायजा आणि मी दगडांच्या ढिगाजवळ उभ्या राहिलो. एक होला पक्षी घुमत होता, तोही थांबला. मागे मेंढरांनी आमच्याकडे पाठ केली होती.

आणि तेव्हा ती हाक आली. कालचीच.

"अहोऽऽ"

बायजाने माझा दंड घट्ट धरला. "ओ देऊ नगंस."

मी तिच्याकडे पाहिले. मनात एक गोष्ट इतक्या स्पष्टपणे आली, की मला त्या उन्हात थंडी वाजली. काकूला मदतीसाठी नवऱ्याला बोलवायचे झाले, तर ती दुसरी कोणती हाक मारणार? तिच्याजवळ तो एकच शब्द आहे. काल ही हाक आली तेव्हा काकू माझ्याजवळ बसून चहा ओतत होती. आज ती जवळ नव्हती. ही हाक आता दोघींपैकी कोणाची?

"काकू असेल," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक होता की बायजाने तो ऐकलाही नसावा.

"अहोऽऽ" पुन्हा, पहिल्यापेक्षा क्षीण.

काका धापा टाकत टाक्यापाशी परत आले. डावा फाटा कड्याला भिडून संपत होता. त्यांनीही ती हाक ऐकली होती; वर आमच्याकडे पाहताना त्यांचा चेहरा गिरणीतल्या कोऱ्या कापडासारखा दिसत होता. मोर म्हणणारे काका ओ देत नव्हते.

"नाव घ्या की, मालक!" बायजा वरून ओरडली. "बाईचं नाव घ्या! लाजता कशापायी?"

काकांनी आमच्याकडे पाहिले, घळीकडे पाहिले. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले. करवंदे त्यांच्या पायांशी सांडली.

"इंदिराऽऽ!"

उभ्या जन्मात त्यांनी ते नाव मोठ्याने घेतल्याचे मी ऐकले नव्हते. घळीनेही ऐकले नसावे. तिने ते सावकाश, चाखत चाखत परत केले. रा. रा. रा. पण कोणी ओ दिली नाही. काकांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा शांतता. आणि या वेळची शांतता आधीच्यापेक्षा वाईट होती, कारण तिच्यात कोणीतरी श्वास रोखून ऐकत आहे असे वाटत होते.

ऐकत होती. काकू ऐकत होती. तिला बायजाचे सांगणे आठवत होते, जसे मला आठवत होते. बिननावाच्या हाकेला ओ द्यायची नाही, सासरच्या नावालाही नाही. ती खाली कुठेतरी बसून आम्हांला घाबरत होती, आणि आम्ही वर उभे राहून तिला.

वडीलधाऱ्या बाईला एकेरी, माहेरच्या नावाने, शेजारच्या परकरी पोरीला मारावी तशी हाक मारायची. तीही मी. मी धोंड्यांच्या ढिगावर चढले. एक बांगडी पायाखाली फुटली.

"यमूऽऽ! ए यमूऽऽ!"

तो आवाज माझा होता हे मला घळीने सांगितले. मू, मू, मू. मग प्रतिध्वनी विरला, आणि उजवीकडच्या फाट्यातून, जिथे वाट नव्हतीच, तिथून रडवेली ओ आली.

"ओऽ! हितं हाय मी, हितं!"

इतक्या वर्षांत काकूच्या तोंडून 'हितं' मी पहिल्यांदा ऐकले.

उजव्या फाट्यात एका कपारीच्या सावलीला ती सापडली. ओले केस वाळवायला म्हणून ती टाक्यापासून थोडी पुढे गेली, गुळगुळीत दगडावरून घसरली आणि पाय मुरगळला. घोटा वांग्याएवढा सुजला होता, ओठ पांढरे पडले होते. काकांनी तिला पाठीवर घेतले. साहेबाच्या मासिकात असे चित्र नव्हते.

बायजाने तिला घोट घोट ताक पाजले आणि घोट्याला हळद-चुना लावला. तिच्या चेहऱ्याला रंग परत आल्यावर काका तिच्यावर उसळले. "मी हाक मारत होतो! चांगली नावानं मारली! ओ का दिली नाहीस?"

"तुम्ही?" काकू म्हणाली. "तुम्ही आणि माझं नाव घेणार? ते ऐकलं तेव्हाच माझी खात्री झाली, हे काही तुम्ही नव्हेत."

बायजा इतकी हसली की कोकरू तिच्या मांडीवरून पडले.

"आणि तू तरी?" काका म्हणाले. "नुसतं 'अहो' काय! जिवावर बेतलं होतं. निदान उखाणा घ्यायचा."

"घळीत बसून यमकं जुळवायची?" काकू म्हणाली, आणि दोघेही एकमेकांकडे न बघता हसले. थोड्या वेळाने तिने हळूच विचारले, "करवंदं कुणासाठी होती?" काकांनी चष्मा काढला आणि पुसू लागले.

त्याच दिवशी, उन्हे कलल्यावर, आम्ही तंबू काढला. बायजाला बिस्किटांचा डबा दिला. बिस्किटे तिने लगेच मेंढ्यांना घातली आणि डबा ठेवून घेतला. निघताना ती मला म्हणाली, "तुला वाचा हाय की गं!" मी मान हलवली.

काकूला मागे माझ्याशेजारी पाय लांब करून बसवले. काका पुढे हँडल फिरवत होते आणि मोटार आढेवेढे घेत होती. पठारावरही आता वारा पडला होता. काकूचा हात माझ्या हातात होता, उबदार आणि जड. तिचे ओठ मिटलेले होते, हे मी नीट पाहिले.

"अहोऽऽ"

काकांचा हात हँडलवर थांबला. त्यांनी मोर म्हटले नाही. बायजाने एक धोंडा उचलला आणि ढिगाकडे चालू लागली. काकूची बोटे माझ्या बोटांत रुतली. हाक पुन्हा आली. तशीच, पडवीतून मागल्या दारी मारल्यासारखी, शेवटी किंचित वर गेलेली. तिच्यात भय घालण्यासारखे काहीच नव्हते. इतकी वर्षे कोणी वर पाहिले नाही, एवढेच होते.

मी काकूचा हात सोडला, मोटारीत उभी राहिले, घळीकडे तोंड केले आणि खाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारले,

"बाई, तुमचं नाव काय?"